डावीकडची रिकीब

मी घोडा बोलतोय. लगेच मागे सरकू नका, लाकडाचा आहे. लाथ मारत नाही, चावत नाही, चारा मागत नाही. कामेनब्रोद गावच्या बाजारपेठेत, उस्ताद स्तामातच्या खोगिरांच्या दुकानापुढे मी एकतीस वर्षं उभा आहे. या एकतीस वर्षांत एकदाही टेकलेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण माणसं दोन तास उभी राहिली तरी गावभर सांगत सुटतात.

मी अक्रोडाच्या लाकडाचा. ज्याने मला कोरलं तो खरा चर्चमधल्या संतांच्या मूर्ती कोरणारा. घोडा त्याने जन्मात कधी कोरला नव्हता. त्याच्या हाताला जी सवय होती तीच त्याने वापरली, त्यामुळे माझे डोळे मोठे, खाली झुकलेले आणि सगळ्यांना क्षमा केल्यासारखे झाले. बाजारातून जाणाऱ्या म्हाताऱ्या मला बघून नकळत छातीवर क्रूस करायच्या. स्तामातला त्याचं काही वाटत नसे. "क्रूस करा नाहीतर खोगीर घ्या, थांबा तरी," असं तो दारातून म्हणायचा.

माझं काम म्हणजे नटणं. रोज सकाळी स्तामात माझ्या पाठीवर नवं खोगीर टाकायचा, तंग आवळायचा, तोंडात लगाम द्यायचा, रिकिबी पुसून लखलखीत करायचा. तेव्हा आमच्या पेठेत पाट्या नव्हत्या. निम्म्या गावाला वाचता येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं त्यांना कंटाळा होता. जे विकायचं तेच दारात टांगायचं. चांभाराच्या दारात माणूसभर उंचीचा बूट होता, पत्र्याचे डबे-कंदील करणाऱ्याच्या दारात भला मोठा कंदील. न्हावी दातही उपटायचा, म्हणून त्याने उपटलेल्या दातांच्या माळा दाराला बांधल्या होत्या. आणि ज्वारी-बाजरीचं आंबूस पेय विकणारा कोस्यो नुसत्या गळ्यावर धंदा करायचा. नगरपालिकेचा ढोल गळ्यात अडकवून दवंडी पिटायचं कामही त्याच्याचकडे होतं. या सगळ्यांत उठून दिसायचो तो मीच. गर्व होता मला, नाही कशाला म्हणू?

स्तामात अंगाने लहान आणि तोंडाने मोठा. त्याचा टाका मात्र खरोखर बघण्यासारखा. अळशीच्या दोऱ्याला मेण चोळायचं, आरीने भोक पाडायचं, दोन सुया दोन बाजूंनी ओवायच्या आणि खेचायचं. "घोडा मरेल पण माझा टाका उसवणार नाही," हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलेलं आहे. त्याला मुलगा नव्हता. एक मुलगी, नेदेल्या. तिच्यासाठी त्याने डोंगराकडच्या गावातून वुल्को नावाचा अनाथ पोरगा शोधून आणला, लग्न लावून दिलं आणि घरातच ठेवून घेतला.

आमच्याकडे घरजावयाला मान कुत्र्याएवढाही नसतो. पेठेतले लोक येता-जाता त्याला टोचायचे.

"काय वुल्को, सासूने आज भाकर दिली का?"

"दिली. तुमच्यासाठीही ठेवलीय थोडी, येताय का?" वुल्को हसून म्हणायचा आणि पुन्हा कामाला लागायचा. त्यात तो डावखुरा. म्हातारे कारागीर मान हलवायचे, डाव्या हाताने कुठे खोगीर होतं का म्हणायचे. पण सात-आठ वर्षांत त्याचा हात असा बसला की स्तामातही काम उचलून उजेडात धरायचा आणि काही न बोलता खाली ठेवायचा. स्तामातची न बोलण्याची हीच एक जागा होती.

मग मोटार आली. तंबाखूचा व्यापारी पानायोत याने एके शरद ऋतूत हिरव्या रंगाची, चौदा बाकांची बस आणली. गावातून प्लोवदिव शहरापर्यंत माणसं नेणार म्हणाला. सहा महिन्यांत सगळ्या पेठेचं तोंड बदललं. चांभाराने बूट उतरवून 'रबरी तळवे' अशी पाटी लावली. औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्यांशेजारी पेट्रोलच्या बाटल्या आल्या. हलवा विकणाऱ्याने 'मोटार हलवा' असं रंगवून घेतलं. हलवा तोच होता.

पानायोत आमच्याही दारात आला. बाकांना कातडं लावायचं होतं.

"घोड्याच्या पाठीवर जातं ते माझं कातडं," स्तामात म्हणाला. "तुझ्या तंबाखूवाल्यांच्या बुडाखाली नाही जाणार."

"बाबा, चौदा बाकं आहेत," वुल्को आतून म्हणाला. "चार महिन्यांचं काम आहे. खोगिरं या वर्षी किती गेली ते बघा की."

"तू गप बस."

वुल्को पुन्हा शिवायला लागला. पण पानायोतने त्याला बाहेर गाठून विचारलं, बस चालवायला शिकशील का? वुल्कोने हे घरी येऊन सरळ सांगितलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती, आणि पुढे जे झालं त्यात मला सर्वांत जास्त हेच टोचतं. स्तामात आधी ओरडला, मग एकदम मवाळ झाला. "तू गेलास की हे दुकान माझ्याबरोबर मातीत जाईल रे," म्हणाला. त्याची बायको त्सोना दारात उभी होती. तिने मध्ये पडू नये म्हणून स्तामातने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता आमच्या तोदोरोवदेनबद्दल सांगायला हवं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासातल्या पहिल्या शनिवारी संत तोदोरचा सण येतो, तो घोड्यांचा सण. बायका नालेच्या आकाराचे पाव भाजतात, घोड्यांच्या आयाळीच्या वेण्या घालून त्यांत निळे मणी ओवतात, आणि दुपारी शर्यत होते. नदीपलीकडच्या विहिरीपासून निघायचं, गिरणीच्या वळणावरून वळायचं आणि थेट आमच्या पेठेत यायचं. जो पहिला येईल त्याला सदरा, आणि त्याच्या घोड्याला नवा लगाम. तो लगाम दर वर्षी स्तामात करायचा आणि साऱ्या पंचक्रोशीसमोर आपल्या हाताने जिंकलेल्या घोड्याला चढवायचा. त्याची जाहिरात म्हणायची तर एवढीच होती. तो लगाम बघून वर्षभराचं गिऱ्हाईक यायचं.

त्या वर्षी सणाच्या तीन आठवडे आधी स्तामातने कॉफीच्या दुकानात, सगळ्यांसमोर पानायोतला डिवचलं. ते दुकान माझ्या समोरच आहे.

"तुझ्या डब्याला शर्यतीत उतरव."

"उस्ताद, बस आहे ती. तिला घोड्यांत कशाला ओढता?"

"घाबरलास?"

"घाबरायचं काय त्यात? त्या दिवसांत चिखल असतो, एवढंच म्हणतोय."

स्तामातला तो चिखलच हवा होता. बर्फ वितळायचे दिवस, गिरणीच्या वळणावर दर वर्षी गुडघाभर राड. त्यात बस रुतावी, म्हशी लावून ती ओढावी लागावी, आणि सगळ्या गावांनी ते बघावं. मग दहा वर्षं कुणी मोटारीचं नाव काढणार नाही, असा त्याचा हिशेब. त्या भरात तो बोलून गेला. "डबा पहिला आला तर लगाम मी त्यालाच चढवीन, माझ्या हाताने. आणि जावईही तुला दिला. नाही आला, तर तू त्याला पुन्हा विचारायचं नाहीस आणि त्याने दुकान सोडायचं नाही."

"मला कुणी विचारलं का?" वुल्को म्हणाला.

"तुला काय विचारायचं? तू आपली घोडी पळवायचीस."

कोस्योने दुसऱ्या दिवशी ढोल बडवून सगळ्या गल्ल्यांत हे जाहीर केलं. मग काय, दुकानात रीघ लागली. स्तामात वुल्कोसाठी नवं खोगीर शिवायला बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला बस कशी रुतेल याचं वर्णन करत राहिला. हात चालू, तोंड चालू. त्या आठवड्यात तो फार सुखात होता.

सणाच्या आदल्या दिवशी नेदेल्या आणि वुल्को माझ्या पाठीवरून ते खोगीर उतरवायला आले. मी लाकडाचा असल्यामुळे माझ्यासमोर लोक मोकळेपणाने बोलतात.

"तू मुद्दाम मागे राहशील का?" तिने विचारलं.

"नाही."

"का? तुला तर जायचंय."

"जायचंय. पण असं नाही. फसवून गेलो तर म्हातारा जन्मभर तोंड बघणार नाही. जिंकेन, मग सण झाल्यावर बसून बोलेन त्यांच्याशी. माणसासारखं."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. मग शिवत बसू दोघं."

नेदेल्याने त्याच्या बाहीवरचा दोरा काढून टाकला.

लोक म्हणतात, संत तोदोर नऊ कोट अंगावर चढवून देवाकडे उन्हाळा मागायला जातो. त्या वर्षी तो बहुधा निघालाच नव्हता. शनिवारी सकाळी अशी थंडी पडली की रस्ता दगडासारखा टणक झाला. स्तामात उजाडताच बाहेर आला, टाचेने जमीन खरवडली, पुन्हा खरवडली. मग आत गेला आणि दुपारपर्यंत दिसला नाही.

शर्यत संपते ती माझ्यापासून वीस पावलांवर. पण बस बघायला सगळी गर्दी पलीकडच्या बाजूला गेली होती. आमच्या ओळीत राहिलो मी आणि दातांच्या माळा. आधी भोंगा ऐकू आला, मग हिरवी बस आली, मागे धूर. तिच्या मागे दोन घोड्यांच्या अंतरावर वुल्कोची घोडी होती. लोक बसकडे बघत होते. मी घोडीकडे बघत होतो, कारण मला दुसरं काही बघता येत नाही, जन्मभर हेच अंगावर वागवलंय. वुल्कोची डावी बाजू माझ्याकडे होती आणि त्या बाजूला रिकीबच नव्हती. पाय मोकळा लोंबत होता. रिकीब आणि तिचा तुटलेला पट्टा त्याने मुठीत गोळा करून कोटाच्या आत धरला होता.

म्हणजे झालं ते असं. गिरणीच्या वळणावर, जिथे सगळं वजन डाव्या पायावर येतं, तिथे स्तामातचा टाका उसवला. वुल्को पडता पडता राहिला आणि त्याला लगाम खेचावा लागला. तोपर्यंत तो पुढे होता. साऱ्या पंचक्रोशीसमोर उस्ताद स्तामातच्या नव्या खोगिराची रिकीब तुटली, हे एकदा लोकांनी पाहिलं असतं की संपलं. त्यापेक्षा हरणं बरं, असं त्या पोराने धावत्या घोडीवर ठरवलं.

स्तामातने शब्द पाळला. लगाम घेऊन तो बसपुढे गेला. चढवायचा कुठे? बसला ना तोंड ना कान. शेवटी त्याने तो पुढच्या दोन दिव्यांना अडकवला. लोक आधी हसले, मग त्याचं तोंड बघून हसायचे थांबले. तेवढ्यात गिरणीवाला तिथे आला आणि म्हणाला, "तुझ्या जावयाने माझ्या दारात लगाम खेचला बरं का. या डोळ्यांनी पाहिलं."

स्तामात वळला. "खेचलास?"

वुल्कोने आजूबाजूच्या लोकांकडे पाहिलं. आमच्या दारात टांगलेल्या खोगिरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो. खेचला."

"भाकर घातली मी तुला," स्तामात हळू म्हणाला. "जा. दिला तुला त्यांना. माझ्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस."

मी ओरडलो. लाकडाचा जेवढा आवाज येतो तेवढा आला, म्हणजे नाहीच आला.

त्या दुपारी स्तामात कॉफीच्या दुकानात तोंड फिरवून बसला असताना वुल्को शेवटचा आत गेला आणि तासभर बाकावर बसून काहीतरी शिवत राहिला. मला वाटलं, हत्यारांचा निरोप घेतोय. सोमवारी तो आणि नेदेल्या एक पेटी घेऊन बसमध्ये चढले. त्सोना रस्त्यापर्यंत गेली. स्तामात बाहेर आला नाही.

पुढची वर्षं लवकर सांगून टाकतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एका बसच्या तीन झाल्या. गाड्यांचे घोडे विकले गेले, मग गाड्याही. स्तामात कमरपट्टे करू लागला, शाळेची दप्तरं करू लागला, शेवटी कुत्र्यांचे पट्टे. माझ्या पाठीवर ऊन पडायला लागलं आणि गळ्यात कुत्र्याचा पट्टा आला. म्हाताऱ्यांनी क्रूस करणंही सोडलं.

वुल्को बस घेऊन आठवड्यातून तीनदा समोरच्या चौकात थांबायचा. उतरायचा, टोपी हातात घेऊन आमच्या दुकानाकडे बघत उभा राहायचा. स्तामात फळ्या ओढून घ्यायचा. दोन वर्षं हे चाललं. नेदेल्याची पत्रं यायची, ती स्तामात न फोडता टपालवाल्याच्या हातात परत द्यायचा. मग पानायोतने धंदा शहरातल्या लोकांना विकला आणि वुल्कोच्या जागी दुसरा ड्रायव्हर आला. कुणी म्हणालं वार्नाला गेलाय, बंदरात. कुणी म्हणालं बोटीने पार समुद्रापलीकडे गेला. पत्रंही थांबली.

पाचव्या वर्षी जंगल खात्याचा एक अधिकारी आला. त्याला डोंगरात फिरायला खोगीर हवं होतं. दुकानात एकच उरलं होतं, शर्यतीतलं. स्तामातने रागाने ते माळ्यावर फेकलं होतं ते तसंच पडून होतं. त्याने ते आणून माझ्या पाठीवर टाकलं, धूळ पुसली, चष्मा लावला. उजवी रिकीब चोळून झाली, डावीकडे आला आणि थांबला.

कारागिराला टाका म्हणजे हस्ताक्षर. उजव्या हाताचा टाका एकीकडे कलतो, डाव्या हाताचा दुसरीकडे. त्या खोगिरावरचा प्रत्येक टाका स्तामातचा होता. डाव्या रिकिबीच्या पट्ट्याचे तेवढे वुल्कोचे होते.

"उस्ताद, देताय ना?" अधिकारी म्हणाला.

"नाही," स्तामात म्हणाला. "हे विकायचं नाही."

अधिकारी गेला. स्तामातने आत जाऊन बाकाखालची कातरणांची पेटी जमिनीवर पालथी केली. तळाशी जुना पट्टा सापडला, गुंडाळून ठेवलेला. तो घेऊन तो बाहेर उजेडात आला. टोकाला आठ भोकं रिकामी होती. दोरा कोरडा, तंतू सुटलेला. मेण लावायचंच राहिलं होतं. बस कशी रुतेल ते कुणाला तरी सांगत असणार त्या वेळी.

त्सोना आली. "काय झालं हो?"

त्याने पट्टा तिच्या हातात दिला. तिला टाक्यातलं कळत होतं, चाळीस वर्षं दोऱ्याला मेण तीच चोळून द्यायची. त्या आठवड्यात तेवढी पाव भाजण्यात गुंतली होती. तिने बघितलं आणि खाली बसली.

"त्याने सांगितलं का नाही?" स्तामात म्हणाला.

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही एवढंच विचारलंत, खेचलास का."

त्यानंतर त्याने काय काय नाही केलं! वार्नाला तीन पत्रं धाडली, तिन्ही परत आली. प्रत्येक बसच्या ड्रायव्हरला गाठून विचारलं. ते मान हलवायचे, कुणाला नावसुद्धा माहीत नव्हतं. मग एक दिवस तो शाळेच्या मास्तरांकडून एक पाटी लिहवून घेऊन आला आणि माझ्या गळ्यात बांधली. जन्मभर त्याने पाटी लावली नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं:

'तोदोरोवदेनच्या शर्यतीत वुल्कोच्या खोगिराची डावी रिकीब तुटली. टाका माझा होता, कच्चा होता. वुल्कोने मुद्दाम लगाम खेचला नाही. — स्तामात, खोगीर करणारा.'

"अहो, आपल्याच हाताने आपलं नाव घालवताय," त्सोना म्हणाली. "दोन-चार गिऱ्हाइकं राहिलीत, तीही जातील."

"जाऊ देत."

"आणि त्याला कसं कळणार? तो कुठे वाचणार हे?"

"बस सगळीकडे जातात," स्तामात म्हणाला. "कुणीतरी वाचेल, कुणीतरी सांगेल."

गिऱ्हाइकं खरंच गेली. बसमधून उतरणारे शहरी लोक माझ्यापुढे थांबून पाटी वाचायचे आणि हसायचे. त्यांना वाटायचं ही नव्या धर्तीची जाहिरात आहे. एकाने तर आत डोकावून विचारलं, "बरं मग, चांगलं काय मिळतं इथे?" स्तामात माझ्याशेजारी स्टूल टाकून बसायचा. बस आली की उठायचा, उतरणारा शेवटचा माणूस उतरेपर्यंत उभा राहायचा, मग बसायचा. गेल्या फेब्रुवारीत तो त्या स्टुलावरच गेला. सकाळची बस येऊन गेली होती.

त्सोना तिच्या बहिणीकडे गेली. दुकान एका टायरवाल्याने घेतलंय. माणूस वाईट नाही. माझ्या पाठीवर पेट्रोलचे डबे ठेवतो, जाता-येता मला थोपटतो. मला तो लाल रंगात रंगवणार आहे आणि गळ्यातल्या पाटीवर टायरांची नावं येणार आहेत. रंगारी शनिवारी येतोय.

म्हणून तुम्हाला थांबवलं. पावसाने अक्षरं आधीच फिकट झालीत, पण अजून लागतात. वाचून घ्या. पुढे कुठल्या बंदरावर, कुठल्या गावी डाव्या हाताने काम करणारा वुल्को नावाचा माणूस भेटला, तर त्याला सांगा की सासऱ्याला कळलं होतं. पाच वर्षं उशिरा, पण कळलं होतं. आणि हेही सांगा की म्हातारा आता नाही, तेव्हा यायची घाई करू नकोस.